ओमानचं केळवण

दुपारी एकच्या सुमाराला देवकुळेकाकूंच्या जेवणघरात मी उखाणा घेतला, आणि माझं पान संपायच्या आत आमच्या इमारतीच्या तिन्ही मजल्यांवर बातमी पोचली, की निकमांच्या हर्षदाचं सोमणांशी जमलं. ज्यांच्याशी जमलं ते सोमण त्या वेळी माझ्यापासून चार हातांवर मठ्ठ्याचं पातेलं धरून उभे होते. त्यांनी पातेलं खाली ठेवलं नाही आणि वाढायलाही घेतलं नाही.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे, की मी ओमान म्हणाले.

मूळ प्रकार असा. मी कराडच्या एका खासगी रुग्णालयात एक्स-रे काढायची. मस्कतमधल्या एका रुग्णालयात मला नोकरी मिळाली होती आणि पुढच्या आठवड्यात निघायचं होतं. तळमजल्यावरच्या देवकुळेकाकूंनी ठरवलं, की मुलीला असंच पाठवायचं नाही. कुणीतरी निरोपाचं जेवण करू म्हणालं. काकू शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि शब्दांच्या बाबतीत त्यांचं मत पक्कं असायचं. 'निरोप' त्यांना आवडला नाही. असला समारंभ त्यांच्या वाट्याला एकदा आला होता आणि त्यात नारळ दिला होता. त्या म्हणाल्या, आपण केळवण करू.

केळवण लग्न ठरलेल्या मुलीचं करतात, हे आईने त्यांच्या कानावर घातलं.

"मग काय झालं?" काकू म्हणाल्या. "घर सोडून चाललीच आहे ना? नवरा मिळेल तेव्हा मिळेल. सध्या ओमानचं केळवण करू."

घर सोडायचा मला सराव होता. वडील पाटबंधारे खात्यात होते. धरणाची भिंत उभी राहिली की त्यांची पुढच्या धरणावर बदली व्हायची, त्यामुळे आमचं कुटुंब नेहमी पाणी यायच्या आधी गाव सोडायचं. आई ट्रंकांवर आमचा पत्ता खडूने लिहायची; रंगाने लिहिण्यात अर्थ नाही हे तिला लवकर कळलं होतं. वडील गेले, भाऊ चिंचवडला लागला, आणि माझ्या नोकरीसाठी आई आणि मी कराडला आलो. भाड्याच्या दोन खोल्या, मागे खिडकी, खिडकीत शेवग्याचं झाड. तिथे आम्ही सहा वर्षं टिकलो. सहा वर्षं तेच झाड बघायला मिळणं ही माझ्या लेखी चैन होती. मला कुठेही जायचं नव्हतं.

मग ओमान कशाला, असं कुणी विचारलं तर मी सगळे सांगतात तेच सांगायची. चार वर्षं तिकडे काढायची आणि इकडे येऊन कायमचं बस्तान बसवायचं. एका जागी राहायचं असेल तर आधी लांब जावं लागतं, हे आपल्याकडे सगळ्यांना लगेच पटतं. मला स्वतःला ते पटलं नव्हतं. मी अर्ज केला होता तो एका माणसाला ऐकवण्यासाठी, आणि तो माणूस पहिल्या मजल्यावर राहत होता.

उपेंद्र सोमणांचं दत्त चौकात चष्म्याचं दुकान होतं. दुकान वडिलांनी काढलेलं, पाटीवर नावही वडिलांचंच. आमची इमारत उभी राहिली ती सोमणांच्या जुन्या घराच्या जागेवर, म्हणजे हा माणूस जिथे जन्मला तिथेच, फक्त एक मजला वर, झोपत होता. आईवडील राहिले नव्हते. दोन वेळचा डबा काकूंकडून यायचा आणि बदल्यात सोमण काकूंची जड कामं करायचे: सिलिंडर लावणं, फळीवरचं पातेलं काढणं. इतका रुजलेला माणूस मी पाहिला नव्हता. मला ते आवडायचे, आणि त्यांचं ते न हलणं त्याहून आवडायचं.

माझ्या चष्म्याचा नंबर बदलत नव्हता, तरी मी त्यांच्याकडे वर्षात तीनदा डोळे तपासून घेतले. अंधाऱ्या खोलीत ते भिंगं बदलत विचारायचे, हे बरं की आधीचं बरं. मी म्हणायची, आधीचं परत दाखवा. तिसऱ्या खेपेला त्यांनी दिवा लावला आणि गंभीरपणे सांगितलं, "निकम मॅडम, तुमच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही." निदान डोळ्यांपुरतं बरोबर होतं.

मस्कतचा होकार आला तेव्हा मी तो आईच्याही आधी सोमणांना सांगितला. ते फक्त "कशाला जाता?" एवढं म्हणाले असते तरी मी गेले नसते. ते म्हणाले, "वा. कधी?"

त्यानंतर त्यांनी जो उत्साह दाखवला त्याला तोड नव्हती. बॅगांचं वजन करायला कुठूनसा ताणकाटा पैदा केला. उन्हात गेलं की आपोआप काळी होणारी काच माझ्या चष्म्याला बसवून दिली. जिन्यात भेटले की ओमानबद्दल एक प्रश्न तयार असायचा. तिथे वाळूने डोळे चुरचुरतात का? दुकानं दुपारी बंद असतात का? मराठी माणसं बरीच आहेत का? मी विचारून, शोधून उत्तरं आणून द्यायची. एकदा त्यांनी विचारलं, तिथले लोक चष्मे वापरतात का. मी म्हणाले, डोळे असतील तर वापरत असतील. त्यावर त्यांनी महत्त्वाची माहिती मिळाल्यासारखी मान हलवली.

आपल्याला घालवून द्यायला एखादा माणूस इतका राबतोय, याचा राग करावा की आभार मानावेत, हे मला ठरवता येईना. आईला ते नीट दिसत होतं. ती म्हणाली, मुलीच्या पाठवणीला बापाचीसुद्धा एवढी धावपळ होत नाही.

केळवण रविवारी झालं. केळीची पानं, पानांभोवती रांगोळी, मला पाटावर बसवून औक्षण. काकूंनी सगळं लग्नासारखंच केलं, फक्त बोलताना नवऱ्याच्या जागी ओमान घातलं. ओमानकडची माणसं कशी आहेत, ओमानला तिखट चालतं का, ओमान रागीट तर नाही ना. दुसऱ्या मजल्यावरच्या जाधववहिनी या खेळात लगेच शिरल्या. जिलबी वाढून झाल्यावर त्यांनी पानावर हात आडवा धरला आणि जाहीर केलं, की केळवण आहे तर नाव घेतल्याशिवाय घास उचलायचा नाही.

मी विचारलं, कुणाचं नाव?

"ओमानचंच. त्याच्याच घरी चाललीस ना?"

बायकांनी ताल धरला. आईसुद्धा त्यांच्यात होती. मी दोन ओळी मनात जुळवल्या. त्या फार चांगल्या नव्हत्या, पण उखाण्याकडून कुणी फार अपेक्षा ठेवत नाही.

केळीच्या पानावर जिलबीचा घास,
ओमानचं नाव घेते, मुहूर्त आहे खास.

पहिल्या ओळीनंतर थांबायचं असतं. तेवढ्यात बायका "हं, हं" करतात, मग नाव येतं. रोज शंभर माणसांना श्वास रोखायला सांगणाऱ्या मला तो त्या दिवशी रोखता आला नाही. मी 'घास'पर्यंत आले आणि दारातून सोमण मठ्ठ्याचं पातेलं घेऊन आत आले. त्यांच्यासमोर हे लवकर उरकावं म्हणून मी न थांबता पुढे गेले. 'घास'मधला स जागचा सुटला आणि पुढच्या ओमानला जाऊन चिकटला.

खोलीत जे ऐकू गेलं ते असं: केळीच्या पानावर जिलबीचा घा, सोमानचं नाव घेते.

'मुहूर्त आहे खास' मीही ऐकलं नाही.

मग जाधववहिनींनी माझ्या पानावरचा हात काढला. मी लगेच खुलासा केला, की मी ओमान म्हणाले.

"ओमान म्हणालीस तर जिलबीचा 'घा' काय असतो?" काकूंनी विचारलं.

घा नाही, घास, मी म्हणाले.

"मग त्यातला स कुठे गेला?"

मी सांगितलं, की तो पुढच्या शब्दात मिसळला.

"बरोबर." काकूंचा चेहरा वर्गात पहिलं बरोबर उत्तर आल्यासारखा झाला. "व्यंजन पुढच्या स्वरात मिसळलं. व्याकरणात त्याला संधी म्हणतात. व्याकरणाबाहेरही संधीच म्हणतात, फक्त तिथे तो नसतो, ती असते. सोडू नकोस."

मी बुडत्यासारखा काडीचा आधार शोधला. सोमण म्हणायचं असतं तर ण उच्चारला असता, मी म्हणाले; मी स्पष्ट न म्हणाले आहे. यावर जाधववहिनींनी साक्ष दिली, की हर्षदाचा ण कधीच लागत नाही, घाईत असली की ती जिन्यातून "पानी आलं" असंच ओरडते. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, तसं म्हणते खरी.

मग सगळ्यांचे डोळे सोमणांकडे वळले. त्यांना काहीतरी बोलणं भाग होतं. त्यांनी विचारलं, "मठ्ठा कुणाला?"

"आधी नवरीला," वहिनी म्हणाल्या.

सोमण वाकले आणि वाटीत मठ्ठा ओतू लागले. वाटी भरली तरी ते थांबले नाहीत. मठ्ठा वाटीतून पानावर आला, पानावरून जमिनीवर, आणि रांगोळीच्या वेलीतून वाट काढत काकूंच्या पायाशी गेला. काकूंनी फक्त साडी वर धरली. त्यांना म्हणे तो शकुन वाटला.

घरी आल्यावर मी आईपुढे सगळं पहिल्यापासून मांडलं: स, ओ, न, ण. तिने ऐकून घेतलं.

"तू काय म्हणालीस ते राहू दे," ती म्हणाली. "तुला काय म्हणायचं होतं?"

मी ओमान म्हणाले. ती बरं म्हणाली, माझ्या भरलेल्या बॅगेतून लोणच्याची बरणी काढली आणि परत फळीवर ठेवली. का, असं विचारलं तर म्हणाली, असू दे, बघू.

मी खिडकीशी बसून राहिले. खरं सांगायचं तर मला वाईट वाटत नव्हतं. तोंडाने न बोलता काम झालं होतं. आता सोमणांना काहीतरी करावंच लागणार होतं. एवढ्या सगळ्यांनी ऐकल्यावर माणूस "वा, कधी?" म्हणून सुटू शकत नाही. मी केस विंचरले.

ते संध्याकाळी आले. आई वाळत घातलेले कपडे आणायला गच्चीवर गेली. कपडे तिने दुपारीच आणले होते.

सोमण खुर्चीच्या कडेवर बसले. "दुपारी मला ओमानच ऐकू आलं," त्यांनी सुरुवात केली.

"तुम्हाला एकट्याला."

"हो. मी समोर होतो ना. 'घास' म्हणताना तुमचे दात जुळलेले मला दिसले. स पहिल्याच शब्दाचा होता. तुम्हाला उगाच मनस्ताप नको. मी काकूंना सांगितलं, जाधवांकडे सांगितलं, वरच्या मजल्यावर सांगितलं. सगळ्यांच्या लक्षात आलंय."

तीन मजल्यांवर पसरलेली बातमी या माणसाने एकट्याने, जिना चढता चढता पुसून काढली होती. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, मी आभार मानायला शब्द शोधते आहे. ते म्हणाले, त्यात काय एवढं.

तेव्हा मी विचारलं. सहा वर्षांत विचारलं नव्हतं, पण आता संकोच करण्यासारखं काही शिल्लक नव्हतं.

"सोमण, मला थांबा म्हणावं असं तुम्हाला एकदाही वाटलं नाही?"

त्यांनी चष्मा काढला. "जाणाऱ्याला मागून हाक मारू नये," ते म्हणाले.

"मी समोर बसले आहे."

हे खरं होतं, आणि चष्मा काढलेला असला तरी त्यांना तेवढं दिसत असावं. त्यांनी सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या. दुकानात गिऱ्हाइकांना ते असं करू देत नसत.

"नाही, तसं नाही," ते म्हणाले. "खरं सांगू का? मला तुम्हाला थांबवायचं नव्हतंच."

मी उठले. चहा टाकते म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

"मी वाट बघत होतो," ते माझ्या पाठीला म्हणाले, "की तुम्ही मला चला म्हणाल."

"कुठे?"

"ओमानला."

मी वळले. ते आता खुर्चीत नीट बसले होते, आणि त्यानंतर ते इतकं बोलले, जितकं मी त्यांना सहा वर्षांत बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. ते छत्तीस वर्षं एकाच जागी होते. भिंगं आणायला पुण्याला जायचं आणि शेवटच्या गाडीने परत यायचं, एवढाच त्यांचा प्रवास. दुकानात रोज माणसांना लांबचं वाचायला लावायचं आणि स्वतः चौकापलीकडे काही बघायचं नाही. मी आले तेव्हा आईने ट्रंकेवरचा खडू जिन्यात पुसला होता. त्याखाली जुन्या पत्त्यांतली जी गावं पुसट दिसत होती ती त्यांना अजून पाठ होती. धोम, उजनी, जायकवाडी. इतकी गावं फिरलेली बाई आपल्या इमारतीत राहायला आली, ती फार दिवस टिकणार नाही, आणि जाईल तेव्हा कदाचित आपल्यालाही नेईल, असं त्यांना वाटायचं.

"तिथे चष्मे वापरतात का, हे मी कशाला विचारलं असेन?" ते म्हणाले. आणि मग, जरा खालच्या आवाजात, "तो ताणकाटा आणला ना, त्यावर मी माझीही बॅग तोलून बघितली."

मी परत बसले. राहण्यासाठी मी ज्या माणसाचा खांब धरून होते, तो खांब जाण्यासाठी मला धरून होता.

"आणि कराड?" मी विचारलं.

"कराड कुठे जातंय?"

"दुकान?"

"तेही कुठे जातंय?"

मी त्यांना शेवग्याच्या झाडाबद्दल सांगितलं. मी कधीच कुठे जायला तयार नव्हते हे सांगितलं, आणि अर्ज कुणाला ऐकवायला केला होता तेही. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. तो तसा उतरलेला बघून मला हसू आलं. मग त्यांनाही आलं. आई गच्चीवरून खाली आली तेव्हा आम्ही दोघं हसत होतो. आईच्या हातात एकही कपडा नव्हता.

तिने विचारलं, काय ठरलं.

मी "राहायचं" म्हणाले आणि त्याच वेळी सोमण "जायचं" म्हणाले.

आईने दोघांकडे एकेकदा पाहिलं. "म्हणजे लग्न ठरलं," ती म्हणाली. "एवढं भांडण परक्या माणसांत होत नाही." आणि ती काकूंना सांगायला खाली गेली.

पुढच्या आठवड्यात मी गेले. होकार कळवून झाला होता, आणि सोमणांनी मला विमानतळावर सोडताना पाट्यांपासून पंख्यांपर्यंत सगळं इतक्या आनंदाने बघितलं, की जाऊ नका असं मलाच त्यांना म्हणावंसं वाटलं. पावसाळ्यानंतर मी रजेवर आले, लग्न झालं, दुकान चुलतभावाने चालवायला घेतलं. मस्कतला रुवी भागात एका चष्म्याच्या दुकानात सोमणांना काम मिळालं. चार वर्षं राहायचं ठरलं होतं. ती चार वर्षं कधीच संपली. आता मुलगी दहावीला आहे. दर वर्षी मी परत जाऊ म्हणते आणि सोमण पुढच्या वर्षी म्हणतात. त्यांना इथली तीन भाषांतली भांडणं समजतात. माझ्यासाठी कराडला आम्ही घर घेतलं आहे, मागे खिडकी असलेलं. त्यातला पंखा वर्षातून दोन-तीन आठवडे फिरतो.

गेल्या शुक्रवारी सोमणांनी स्वयंपाकघरात एक दुसरं घड्याळ टांगलं. ते आमच्या घड्याळापेक्षा आठ तास पुढे आहे. मी मुलीच्या नकाशात बघितलं, तेवढ्या अंतरावर न्यूझीलंड येतं. मी त्यांना अजून काही विचारलेलं नाही. मीही त्याच संध्याकाळी कराडच्या घराला रंग द्यायला माणूस सांगितला आहे. तो सोमवारी काम सुरू करणार आहे, आणि सोमणांना ते अजून माहीत नाही.